वेबसॉकेट आणि टॉमकॅट क्लस्टर: सेशन हरवतंय? या चुका टाळा

टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरचे दोन नोड (एकत्र काम करणारे सर्व्हर, म्हणजेच क्लस्टर), पुढे रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर, ॲपमध्ये वेबसॉकेटवर, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरमधल्या सतत उघड्या कनेक्शनवर, चालणारं चॅट किंवा लाइव्ह डॅशबोर्ड. एक नोड रीस्टार्ट केला की युजर लॉग-इन राहतो, पण सॉकेटवरून सेशनमध्ये (सर्व्हरवर त्या युजरची माहिती ठेवायची जागा) टाकलेली माहिती गायब. लॉगमध्ये एररही नाही. मग बिचाऱ्या नेटवर्कवर खापर फुटतं.

खरी मेख वेगळीच आहे. सेशनमधले बदल दुसऱ्या नोडकडे पाठवायचं काम रेप्लिकेशन व्हॉल्व्ह (रिक्वेस्ट ज्यातून जाते असा टॉमकॅटचा भाग) करतो, तेही एचटीटीपी रिक्वेस्ट संपताना. वेबसॉकेटमध्ये रिक्वेस्ट हँडशेकपुरतीच, म्हणजे कनेक्शन जोडण्यापुरतीच असते. सर्व्हरने १०१ (प्रोटोकॉल बदलल्याचा कोड) दिलं की पुढचे मेसेज या व्हॉल्व्हमधून जातच नाहीत. ऑनमेसेजमध्ये (मेसेज आल्यावर चालणारा कोड) सेटॲट्रिब्यूट करून सेशनमध्ये काही टाकलंत, तरी त्या सेशनवर पुढची साधी रिक्वेस्ट येईपर्यंत बदल त्याच नोडच्या मेमरीत पडून राहतो. आणि एकाच पानावर तासभर बसलेला युजर ती रिक्वेस्ट पाठवणार कधी?

खात्री करायची असेल तर नोड बंद करण्याआधी त्याच ब्राउझरमधून एक साधी रिक्वेस्ट मारा. आता माहिती टिकली, तर निदान पक्कं. महत्त्वाच्या बदलानंतर अशी रिक्वेस्ट कोडमधूनच पाठवणारे आहेत. चालतं, पण जुगाडच तो. सॉकेटवरची माहिती थेट रेडिस (सगळ्या नोडना वापरता येणारं डेटा स्टोअर) किंवा डेटाबेसमध्ये लिहावी आणि सेशनमध्ये युजरची ओळख तेवढी ठेवावी, हे बरं.

दुसरी चूक टाइमआउटची. टॉमकॅटमध्ये सेशन मुळात ३० मिनिटांचं असतं आणि सॉकेटवरचे मेसेज 'वापर' म्हणून धरले जात नाहीत. युजर गप्पा मारत असतानाच सेशन संपतं. लॉग-इन केलेल्या सेशनवरचा सॉकेट अशा वेळी १००८ (नियमभंग) या कोडने बंद करावा, असं जावा वेबसॉकेटचं स्पेसिफिकेशनच सांगतं. लोक मात्र पुढे बसवलेल्या एनजिनएक्स प्रॉक्सीचा रीड टाइमआउट वाढवत बसतात. त्याआधी ब्राउझरमध्ये क्लोज कोड (कनेक्शन का बंद झालं ते सांगणारा आकडा) बघा. शांत सॉकेट ६० सेकंदांनी १००६ (अचानक तुटल्याचा कोड) देऊन तुटला, तर संशय प्रॉक्सीवर घ्या. शेवटच्या रिक्वेस्टनंतर अर्ध्या तासाने १००८ आला, तर सेशन संपलंय. टॉमकॅट ११ मध्ये, म्हणजे सर्व्हलेट (जावा वेब ॲपचं मानक) ६.१ पासून, रिक्वेस्टबाहेरून सेशन वापरायला एचटीटीपीसेशन ॲक्सेसर मिळतो. त्यातून वापराची वेळ पुढे सरकते. स्प्रिंग सेशन या जावा लायब्ररीमध्येही सॉकेटच्या मेसेजवर सेशन जागं ठेवायची सोय आहे.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. वेब डॉट एक्सएमएल या ॲपच्या सेटिंग फाइलमध्ये डिस्ट्रिब्युटेबल टॅग (ॲप अनेक नोडवर चालू शकतं असं सांगणारा) नसतो. सेशनमधल्या लिस्टमध्ये नुसतं ॲड केलं जातं. पुन्हा सेटॲट्रिब्यूट केल्याशिवाय डेल्टा मॅनेजरला (सेशनमधले बदल टिपणारा टॉमकॅटचा भाग) बदल कळत नाही. क्लाउडवर मल्टिकास्ट (एकच संदेश अनेक नोडना पाठवणं) बंद असतं, म्हणून नोड एकमेकांना दिसतच नाहीत.

आणि वेबसॉकेटचा सेशन ऑब्जेक्ट एचटीटीपी सेशनमध्ये ठेवू नका. तो सिरियलायझेबल नाही (बाइट्समध्ये बदलून दुसरीकडे पाठवता येत नाही), शिवाय टीसीपी कनेक्शन दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. नोड पडला की क्लायंटनेच पुन्हा जोडून घ्यायचं, तेही थोड्या रँडम विलंबाने; नाहीतर सगळे एकाच क्षणी उरलेल्या नोडवर तुटून पडतात.