नव्या टाकीत मासे वर येऊन तोंड उघडतायत? औषध नको, पाणी बदला

मुलाचा वाढदिवस होतो, घरात काचेची टाकी येते आणि आठवडा उलटायच्या आत मला फोन येतो, "आप्पा, मासा वर ई ऱ्हायनात." मी धुळ्यात देवपूरला राहतो. घरांमधल्या, दवाखान्यांमधल्या टाक्या सांभाळणं हे माझं काम. फोनवर माझे प्रश्न ठरलेले आहेत: टाकी कधी भरली, मासे किती, पाणी कुठलं? समोरून एकच प्रश्न येतो, औषध कुठलं घालू? त्याचं उत्तर मी सगळ्यात आधी देतो. कुठलंच नाही. निळं नाही, पिवळं नाही, दुकानात "सगळ्या रोगांवर चालतं" म्हणून मिळणारी बाटली तर मुळीच नाही. मासे आजारी नाहीत, त्यांचं पाणी विषारी झालंय.

आज रात्री करायचं ते आधी सांगतो, कारण वाचणाऱ्याचे मासे आत्ता वर आलेले असतील. खाणं बंद करा. मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, आणि मुलांना हे पटवणं हाच यातला अवघड भाग आहे. हवेची मोटर पूर्ण जोरात सुरू ठेवा. मग टाकीतलं अर्धं पाणी नळीने काढा, नळीचं तोंड खडीवरून फिरवत, म्हणजे खडीत अडकलेले कुजके दाणे पाण्याबरोबर बाहेर येतील. तेवढंच ताजं पाणी हळूहळू भरा (टाकी जारच्या पाण्याने भरली असेल तर त्याबद्दल खाली लिहिलंय ते आधी वाचा). नळाचं पाणी असेल तर त्यात अँटी-क्लोरिनचे थेंब आधी घाला. थेंब नसतील तर आदल्या दिवशी भरून, हवेची नळी सोडून ठेवलेलं पाणी चालतं. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात फार फरक नको. दोन्ही पाण्यांत हात बुडवून बघा, वेगळं जाणवलं तर थांबा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी तर चहाच्या आधणासारखं येतं, ते घालू नका. पाणी पहाटे ड्रममध्ये भरून घरात सावलीला ठेवा.

दुसऱ्या दिवशी परत तेच करा. तिसऱ्या दिवशीही. एकदा अर्धं पाणी बदललं की विष, म्हणजे पाण्यातला अमोनिया, निम्मं होतं, संपत नाही. मोजणीत 2 (म्हणजे 2 पीपीएम, लिटरला 2 मिलिग्रॅम) आलं असेल तर एका बदलाने 1, दुसऱ्याने अर्धा. शिवाय मासे नवा अमोनिया सोडतच असतात. माशाचा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर पडतो, म्हणून उपाशी मासाही थोडा सोडतोच. खाणाऱ्याचा मात्र पुष्कळ जास्त.

आता हे होतं कसं. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यातूनही अमोनिया निघतो. जुन्या टाकीत स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा थर बसलेला असतो. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडं असेल तर माशाला सोसतं, पहिले दोन सोसत नाहीत. नव्या टाकीत हा थर नसतो. तो जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण मासे सोडतो पहिल्याच संध्याकाळी, तेही सगळे एकदम.

किती मासे, ते बघा. दोन फुटी टाकी म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. 2 घनफूट, सुमारे 56 लिटर. खडी आणि वर सोडलेली जागा वजा केली की हाती 45 लिटर पाणी राहतं. त्यात घरी येतात सहा गोल्डफिश, दुकानात "शार्क" म्हणून मिळणारे चार छोटे मासे, काच चाटणारा एक सकर आणि मुलाने हट्टाने घेतलेली गप्पींची पिशवी. त्यातला शार्क मोठा झाला की सव्वा मीटरपर्यंत जाऊ शकतो, सकर दीड फुटाचा होतो, गोल्डफिश वीतभर. दुकानात ते बोटभर दिसतात म्हणून कोणी विचारत नाही. मोठे होण्याचा प्रश्न पुढचा. आजच्या आकारालाच हे पाणी त्यांना पुरत नाही.

म्हणून दुसरं काम: मासे कमी करा. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण पाणी बदलण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. शार्क आणि सकर दुकानात परत द्या. बहुतेक दुकानदार पैसे देत नाहीत, पण मासे ठेवून घेतात. गोल्डफिश एखाद्या मोठ्या टाकीवाल्याकडे द्या. पांझरेत, नकाण्याच्या तलावात, विहिरीत मात्र एकही सोडू नका. सकर आपल्या पाण्यात जगतो, वाढतो आणि इथल्या माशांची जागा घेतो. देशात ठिकठिकाणी मच्छीमारांच्या जाळ्यात तो निघतोय आणि काटेरी अंगाने जाळी फाडतोय.

मोजायचं कसं? थेंबांचं अमोनिया टेस्ट किट ऑनलाइन मिळतं, ते घ्याच. कागदाच्या पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. काचेच्या नळीत खुणेपर्यंत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटल्यांवर सांगितलेले थेंब घालायचे, हलवायचं आणि सांगितलेली मिनिटं पुरी होईपर्यंत हात लावायचा नाही. मग नळी पांढऱ्या कागदाला टेकवून खिडकीच्या उजेडात धरा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. लिंबासारखा स्वच्छ पिवळा असेल तर शून्य. पिवळ्यात पोपटी झाक आली की पाव. सरळ हिरवा झाला की एक किंवा त्याहून वर. पोपटी झाक ओळखता आली की अर्धी लढाई जिंकलात, कारण आपल्या भागात तिथूनच धोका सुरू होतो.

हा मुद्दा नीट समजून घ्या. पुण्या-मुंबईच्या लोकांनी सांगितलेला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला काही भाग निरुपद्रवी रूपात असतो आणि काही मोकळा, विषारी. कुठला किती, हे पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, आणि तापमान ठरवतात. पीएच 7 आणि 25 अंश असेल तर विषारी वाटा शंभरात जेमतेम अर्धा. पीएच 8 आणि 30 अंश असेल तर शंभरात साडेसात. म्हणजे किटचा रंग तोच, विष तेरा पट. खान्देशचं बोअरचं पाणी काळ्या बेसाल्टातून येतं, जड असतं, बादलीला पांढरा थर धरतं, आणि पीएच 8 च्या आसपास मिळणं नेहमीचं आहे. एप्रिल-मे महिन्यात धुळे, जळगाव, भुसावळला पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा घरातल्या टाकीचं पाणीही 32-33 ला पोचतं. म्हणून मी ग्राहकांना सांगतो, पाव दिसला की त्या दिवशी पाणी बदला. एक व्हायची वाट बघू नका.

गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो आणि जिवाणूंना त्यांच्या कामाला तो भरपूर लागतो. कूलर चालू असेल त्या खोलीत टाकी ठेवा, झाकण थोडं उघडं ठेवून पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बाष्पाने पातळी खाली गेली की लोक वरून पाणी घालतात आणि समजतात पाणी बदललं. तसं नाही. वाफेबरोबर फक्त पाणी जातं, टाकीत साठलेली घाण आणि क्षार तिथेच राहतात. बदलायचं म्हणजे आधी काढायचं.

टाकी जारच्या पाण्याने भरणारेही भेटतात, "शुद्ध असतं ना" म्हणून. तसं करू नका. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खातात. तो नसला की पीएच कोसळतो, जिवाणू थंडावतात आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात साठत जातो. अशा टाकीत एकदम अर्धं बोअरचं पाणी ओतलं तर पीएच वर उडी मारतो आणि साठलेल्या अमोनियाचा विषारी वाटा एकदम कितीतरी पट वाढतो. मासे पाणी बदलल्यावर मेले, असं ज्यांच्याबाबतीत घडतं त्यांच्याकडे बहुधा हेच असतं. तुमची टाकी जारच्या पाण्याची असेल तर बोअरचं पाणी एका वेळी दहावा भाग, दिवसातून तीन-चार वेळा, असं मिसळा. जड पाण्याला घाबरू नका. गोल्डफिश, मोली, गप्पी यांना ते मानवतं आणि जिवाणूंना तर आवडतंच. फक्त बोअरचं पाणी बादलीत तासभर हवा सोडून मग घाला, कारण जमिनीखालून येताना त्यात प्राणवायू फार कमी असतो.

मासा वर येतो तो प्रत्येक वेळी अमोनियामुळेच असं नाही. रात्री लाईट गेली, मोटर बंद पडली आणि पहाटे सगळे वर दिसले, मोटर सुरू करताच तासाभरात खाली गेले, तर प्राणवायू कमी पडला होता. मोटर चालू असूनही वरच राहिले, पंख मिटून बसले, तर अमोनिया धरा. टॉर्च बाजूने मारा आणि कल्ल्याची झापड उघडते तेव्हा आत बघा. चांगला कल्ला ताजा लाल असतो. जळलेला सुजून जांभळट दिसतो, झापड नीट मिटत नाही, पंखांच्या कडेला लाल रेघा उठतात. आणि पाणी दुधाळ झालं म्हणून घाबरू नका. ते वेगळे जिवाणू आहेत, आपोआप बसतात. स्वच्छ, चमकणाऱ्या पाण्यातही अमोनिया भरपूर असू शकतो.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. जे जिवाणू जमवायला महिना लागतो ते क्लोरिनच्या पाण्याने मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याची बादली असते ना, तिच्यात स्पंज दोनदा पिळा, बस. निळ्या औषधालाही मी म्हणूनच नाही म्हणतो, ते या जिवाणूंनाच मारतं. कोणा ओळखीच्याकडे वर्षभर जुनी, निरोगी टाकी असेल तर त्याच्या स्पंजचा तुकडा मागा, ओलाच पिशवीत घालून आणा आणि लगेच तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा माझा यावर भरवसा जास्त आहे. मी स्वतः दोन-तीन जादा स्पंज कायम एका चालू टाकीत टाकून ठेवतो, फोन आला की देता यावेत म्हणून. लाईट वारंवार जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारी हवेची मोटर ठेवा. फिल्टर काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू गुदमरतात आणि अमोनिया परत वर चढतो.

झिओलाइटबद्दल विचारतात. माझी बहीण सावद्याला दिली आहे. तिकडच्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे जातात, आणि त्यातला स्टिल्बाइट झिओलाइटच आहे. पण तो शोभेचा. टाकीसाठी मिळतो तो क्लिनोप्टिलोलाइट नावाचा वेगळा झिओलाइट, करड्या-पांढऱ्या खड्यांचा. तो अमोनिया खरंच शोषतो, पहिल्या आठवड्यात माशाला दम मिळतो. मात्र टाकीत मीठ टाकलं की शोषलेला अमोनिया तो परत सोडतो. दोन्ही एकत्र कधीच नको.

मिठाची वेळ नंतर येते. दोन-तीन आठवड्यांनी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. लोक निश्चिंत होतात आणि तेव्हाच मासे पुन्हा धापा टाकायला लागतात, कारण नायट्राइट रक्तातला प्राणवायू वाहण्याचा गुण घालवतं, कल्ले तपकिरी पडतात. झिओलाइट काढून ठेवा आणि लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने साधं मीठ, म्हणजे दोन फुटी टाकीला 45 ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात थोडंथोडं ओता. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी नवं, तेवढ्यापुरतंच मीठ परत घाला.

खाणं पाचव्या दिवशी सुरू करा: एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात एकालाच खाणं टाकू द्या. आजी सकाळी, मुलगा शाळेतून आल्यावर आणि वडील रात्री टाकतात, आणि कोणालाच दुसऱ्याचं माहीत नसतं, अशी टाकी दर आठवड्याला बघतो. दाण्यांची डबी टाकीजवळ न ठेवता स्वयंपाकघरात ठेवा. मनी प्लांटची फांदी टाकीच्या कडेला अडकवा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. ती अमोनिया, नायट्रेट दोन्ही पिते, सावकाश पण रोज.

सलग आठवडाभर, पाणी न बदलता, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार झाली. मग आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. नवा मासा हवा असेल तर एका वेळी एक किंवा दोन छोटे आणा, पुढचे पंधरा दिवस एक दिवसाआड किट लावा, आणि पोपटी झाक दिसली तर पुढची खरेदी महिनाभर थांबवा.