वाचनालयाच्या नोंदवहीसाठी लिनक्सवर स्थानिक वेब सर्व्हर आणि डेटाबेस

गोव्यात फोंडा, डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाची ग्रंथनोंदवही आणि वाचकांची यादी संगणकावर आणायची असेल, तर त्यासाठी इंटरनेटवर जागा विकत घेण्याची गरज नसते. कचेरीतला जुना संगणक, त्यावर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि त्यात अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस) व पीएचपी (वेबपाने चालवणारी प्रोग्रामिंग भाषा) एवढे पुरेसे होते. झॅम्पसारखा तयार संच एका फटक्यात सगळे बसवून देतो खरा. परंतु तो स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात राहत असल्यामुळे प्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा-अद्ययावतीकरणात त्याचा समावेश होत नाही. म्हणून कायम चालणाऱ्या कामासाठी उबुंटू-डेबियनच्या अधिकृत भांडारातलीच पॅकेजे (तयार सॉफ्टवेअर-संच) घ्यावीत, असे माझे मत आहे.

पुढील आज्ञा उच्चारानुसार दिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीत, त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात. प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवून पॅकेजांची यादी ताजी करावी आणि नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ या आज्ञेपुढे अपाची२, मारियाडीबी-सर्व्हर, पीएचपी, लिबअपाची२-मॉड-पीएचपी, पीएचपी-मायएसक्यूएल आणि पीएचपी-एमबीस्ट्रिंग ही नावे द्यावीत. अपाचीला पीएचपी जोडणारे यांतले चौथे पॅकेज संगणकावर नसेल, तर सर्व्हर पीएचपीचे पान चालवत नाही आणि ब्राउझर त्यातला मजकूर जसाच्या तसा दाखवतो किंवा ती फाइल उतरवून घेतो.

ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टंकल्यावर अपाचीचे स्वागतपान दिसले की सर्व्हर चालू झाला. सर्व्हरची पाने ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’ या फोल्डरात राहतात. तेथे आपले इंडेक्स-डॉट-पीएचपी ठेवूनही स्वागतपानच दिसत राहिले, तर गोंधळून जाऊ नये. अपाचीच्या मूळ मांडणीत इंडेक्स-डॉट-एचटीएमएलला अग्रक्रम असल्यामुळे असे होते. ती फाइल हलवली की प्रश्न मिटतो. फोल्डरात लिहिण्याची परवानगी नाकारली जाते म्हणून सर्वांना सर्व अधिकार देणारा ७७७ हा आकडा वापरण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. आपल्या प्रकल्पाचे उपफोल्डर करून त्याची मालकी ‘चोन’ (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) या आज्ञेने आपल्या खात्याकडे घेणे पुरते.

मारियाडीबी बसवल्यावर ‘सुडो मारियाडीबी’ म्हटले की संकेतशब्द न विचारता आत प्रवेश मिळतो. ही त्रुटी नव्हे. डेटाबेसचे रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खाते प्रणालीच्या रूट खात्याशी जोडलेले असते, आणि याच कारणामुळे पीएचपीमायॲडमिनसारख्या ब्राउझरमधल्या साधनातून रूट म्हणून आत जायला गेल्यास प्रवेश नाकारला जातो. अनेकजण येथे रूटची मांडणीच बदलू लागतात. तसे न करता स्वतंत्र डेटाबेस आणि केवळ त्याच्यापुरते अधिकार असलेला वापरकर्ता तयार करावा: ‘क्रिएट डेटाबेस’, ‘क्रिएट यूझर’ आणि ‘ग्रँट’ ही तीन विधाने त्यासाठी पुरतात. वापरकर्त्याच्या नावापुढे ‘@लोकलहोस्ट’ लिहावे, म्हणजे ते खाते याच संगणकावरून वापरता येईल.

गोव्यातल्या वाचनालयाने सर्वाधिक जपावी अशी गोष्ट म्हणजे अक्षरसंच, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत. एकाच कपाटात मराठी ग्रंथ, देवनागरी आणि रोमी कोंकणी पुस्तके आणि पोर्तुगीज शीर्षके नांदत असतात. तेव्हा डेटाबेस तयार करतानाच अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ आणि क्रमवारी (अक्षरांची तुलना करण्याचा नियम) ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ अशी स्पष्ट द्यावी. या क्रमवारीत पोर्तुगीज अक्षरांवरची चिन्हे तुलनेत धरली जात नाहीत, त्यामुळे वाचकाने शोधताना चिन्ह दिले नाही तरी ग्रंथ सापडतो. पीएचपीतून जोडणी करतानाही हाच अक्षरसंच द्यावा. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर त्या रकान्यावर, साठवलेले संकेतांक दाखवणारे ‘हेक्स’ हे फलन चालवून पाहावे: ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होणारे गट दिसले तर मजकूर शाबूत असून दोष जोडणीत आहे, ओळीने ३एफ दिसले तर मूळ अक्षरे गेली, ती पुन्हा टंकावी लागतील.

याहून फसवी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲग्नेलो’ या नावातले पहिले अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या मानकात) आलेले स्वतंत्र चिन्ह असू शकते, किंवा ‘अ’ पुढे चंद्राचे चिन्ह जोडूनही ते टंकता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच, पण डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी नावे. परिणामी एकाच वाचकाची दोन खाती उघडली जातात आणि पुस्तक कोणाकडे आहे हे सांगणे अवघड होते. म्हणून नोंद साठवण्याआधी आणि शोध घेण्याआधी पीएचपीच्या ‘एसटीआर_रिप्लेस’ फलनाने ‘अ’ आणि चंद्र या जोडीचे रूपांतर त्या एकाच स्वतंत्र चिन्हात करून घ्यावे.

तक्ते पाहण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी पीएचपीमायॲडमिन सोयीचे आहे. ते बसवताना कोणता सर्व्हर, असे विचारणाऱ्या चौकटीत अपाची२ वर नुसते एंटर दाबून चालत नाही; आधी स्पेस दाबून तारका उमटवावी लागते. ती राहिली तर ‘लोकलहोस्ट/पीएचपीमायॲडमिन’ हे पान सापडत नाही, आणि मग ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ चालवून तोच प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो. एवढा पसारा नको असेल, तर अ‍ॅडमिनर हे एकाच पीएचपी फाइलचे साधन घ्यावे. छोट्या वाचनालयाला मी तेच सुचवतो.

अपाची मुळात ८० क्रमांकाच्या पोर्टवर सर्व बाजूंनी येणाऱ्या विनंत्या ऐकतो, म्हणजे वाचनालयाच्या वायफायवर मोबाइल घेऊन बसलेला कोणीही हे साधन उघडून पाहू शकतो. नोंदी एकाच संगणकावर करायच्या असतील, तर ‘पोर्ट्स-डॉट-कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘लिसन ८०’ ऐवजी ‘लिसन १२७.०.०.१:८०’ लिहून ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट अपाची२’ चालवावे.

पावसाळ्यात वीज जाणे नवलाचे नाही. मारियाडीबीचे इनोडीबी हे साठवण-यंत्र पूर्ण झालेले व्यवहार सामान्यतः पुन्हा सुरू होताना सावरून घेते, परंतु डिस्कच बिघडली तर त्याचाही इलाज चालत नाही. म्हणून ‘मारियाडीबी-डंप’ ही आज्ञा ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ या पर्यायासह रोज संध्याकाळी चालवावी आणि तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. महिन्यातून एकदा ती रिकाम्या चाचणी-डेटाबेसमध्ये उतरवून, दोन्हीकडील नोंदींची संख्या ‘सिलेक्ट काउंट’ने जुळते का, हे तपासावे.