सर्वसमावेशक आरोग्य नियोजनासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेचे पाठबळ कसे मिळवावे

आरोग्यविषयक निवेदनांपैकी पुष्कळशी दप्तरी दाखल होऊन तिथेच पडून राहतात, कारण ‘परिसरातील आरोग्य सुविधा सुधाराव्यात’ अशा मोघम मागणीवर कोणत्याही सभागृहाला निर्णय घेता येत नाही. म्हणून लेखणी हाती घेण्यापूर्वी आपल्याला नेमका कोणता निर्णय हवा आहे हे ठरवावे. आरोग्य आराखडा तयार करण्याचा ठराव हवा आहे, अर्थसंकल्पात तरतूद हवी आहे, की नियोजन समितीवर नागरिकांचे प्रतिनिधी हवे आहेत? १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी मिळवून घरोघरी चौकशी केली आणि ७ सप्टेंबरला स्थानिक मंडळासमोर जाऊन ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढावा, एवढे एकच मागणे मांडले. रोग दूषित पाण्यातून पसरतो हे त्यांचे मत त्या काळी सर्वमान्य नव्हते, तरीही दुसऱ्याच दिवशी दांडा काढला गेला. कोणत्या ठिकाणी, काय आणि कोणी करायचे हे मागणीतच स्पष्ट असले, की निर्णय घेणाऱ्याचे काम सोपे होते.

त्यानंतर कार्यकक्षा तपासावी. रुग्णालये आणि डॉक्टरांच्या नेमणुका अनेकदा वरच्या पातळीवरील शासनाकडे असतात. परंतु पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, पदपथ, उद्याने आणि बांधकाम परवानग्या यांपैकी बऱ्याच बाबी स्थानिक संस्थेच्या हाती असतात, आणि माणसांच्या आरोग्यावर त्यांचा परिणाम दवाखान्यापेक्षा कमी नसतो. जे तिच्या अधिकारात आहे ते थेट मागावे. जे नाही त्यासाठी वरिष्ठ शासनाकडे शिफारस करण्याचा ठराव मागावा. प्रादेशिक नियोजनात आणखी एक अडचण असते. नदीचे पाणी, डासांची पैदास किंवा शेजारच्या गावातल्या रुग्णालयाकडे धावणारे रुग्ण हद्दी पाळत नाहीत, पण अंदाजपत्रके मात्र हद्दीप्रमाणेच होतात. त्यामुळे संबंधित सर्व संस्थांसाठी ठरावाचा एकच मसुदा तयार करावा, आणि समन्वय कोण करील, सामाईक निधी कोणाच्या खात्यात राहील व प्रत्येकाचा वाटा किती, हे त्यातच लिहावे. हा भाग मोघम राहिला तर प्रत्येक संस्था दुसरीच्या निर्णयाची वाट पाहत बसते.

मात्र या सगळ्याआधी एक काम करायला हवे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रयत्नाचे नैतिक बळ त्यातच आहे: ज्यांच्यासाठी आराखडा करायचा, त्यांना तो लिहिताना सोबत घेणे. आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, असे प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेत मंजूर झालेल्या १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने म्हटले. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानेही त्यांच्याशी निगडित निर्णयांत त्यांच्याशी सल्लामसलत करणे करारात सहभागी राष्ट्रांवर बंधनकारक केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १.३ अब्ज लोक, म्हणजे साधारण सहापैकी एक व्यक्ती, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. तरीही ‘तुमच्या घरी कोणी अपंग आहे का?’ असे सरळ विचारले, तर संकोचापोटी किंवा वयोमानाचा भाग समजून अनेक जण ‘नाही’ म्हणतात. त्याऐवजी घरोघरी पाहणी करताना वॉशिंग्टन गटाचे, म्हणजे अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न वापरावेत. चष्मा लावूनही दिसायला, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष केंद्रित करायला, स्वतःची आंघोळ-कपडे करायला आणि नेहमीच्या भाषेत संवाद साधायला त्रास होतो का, असे ते विचारतात. उत्तरे चार असतात: अजिबात नाही, थोडा, खूप, आणि मुळीच जमत नाही. असे विचारल्यावर एरवी नोंदीत न येणारी माणसेही मोजली जातात. मात्र वस्ती लहान असेल तर आकडे एकत्र करूनच द्यावेत, नाहीतर तक्त्यावरून कोणते घर ते सहज ओळखता येते.

बैठकाही त्याच निष्ठेने आखाव्यात. रॅम्पचा चढ १ः१२ पेक्षा (म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी) तीव्र नसावा, सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीच ठरवावा, आणि स्थलांतरित मजूर, रात्रपाळीचे कामगार व घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्ती यांना येता येईल अशा निरनिराळ्या वेळा ठेवाव्यात. प्रवासखर्च आणि मानधन द्यावे. ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, त्याच्याकडून फुकट सल्ला मागणे न्याय्य नाही. एकाच व्यक्तीला संपूर्ण समुदायाचा प्रतिनिधी ठरवू नये.

निवेदन एका पानात बसवावे आणि पाहणीचा अहवाल सोबत जोडावा. अंदाजपत्रकाचा मसुदा पक्का होण्याच्या काही महिने आधी ते सादर करावे. आकडे ठरून गेल्यावर सहानुभूती मिळते, पैसे मिळत नाहीत. प्रथम संबंधित विभागाच्या अधिकाऱ्यांना आणि लेखा विभागाला भेटून खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदराखाली) टाकता येईल हे समजून घ्यावे. त्यानंतर सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या लोकप्रतिनिधींना भेटावे, म्हणजे हा विषय एका पक्षाचा ठरणार नाही. प्रत्येक अर्जाची पोच व आवक क्रमांक घ्यावा. ‘निधी नाही’ असे उत्तर आले तर वाद घालू नये. माहितीची देवाणघेवाण, बैठकीसाठी सभागृह, समितीवर जागा अशा फारसा खर्च नसलेल्या बाबींना लगेच मंजुरी मागावी आणि उरलेल्या टप्प्याटप्प्याने पुढील वर्षांसाठी लेखी मांडाव्यात.

ठराव मंजूर झाला तरी पाठपुरावा सोडू नये. इतिवृत्ताची प्रत मिळवून त्यात जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम, मुदत आणि रक्कम नोंदवली आहे का ते पाहावे. यांपैकी काही राहिले असेल तर इतिवृत्त कायम होण्यापूर्वी लेखी दुरुस्ती मागावी. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा आढावा सभेच्या विषयपत्रिकेवर येईल, अशी अट ठरावातच घालून घ्यावी, म्हणजे निवडणुकीनंतर सभागृह बदलले तरी विषय नव्या सदस्यांसमोर आपोआप येतो. त्या आढाव्याला पाहणीत सहभागी झालेल्या लोकांना बोलावणे पाठवावे, आणि झालेल्या व राहिलेल्या कामांची यादी सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरांत व ध्वनिमुद्रित स्वरूपात त्यांच्यापर्यंत पोचवावी.