मानशीचं दार की माणसाचं दार: पुस्तक छापायला द्यायच्या आधी समजून घ्यायचे शब्द

आमच्या मामाने गावच्या खाजनशेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, दोन वर्षं बसून वह्या भरल्या आणि शेवटी पुस्तक काढायचं ठरलं. त्यात वाक्य होतं, "ओहोटीला मानशीचं दार उघडलं की पाणी बाहेर ओढ घेतं." प्रुफात, म्हणजे छापायच्या आधी तपासायला येणाऱ्या प्रतीत, आलं, "ओहोटीला माणसाचं दार उघडलं की". मामा म्हणाला, "अगो, हा माणूस खंयचो आयलो?" मानस म्हणजे बांधातली ती दारं, भरतीचं पाणी अडवणारी आणि ओहोटीला आतलं पाणी सोडणारी, हे गोव्यात कोणालाही सांगावं लागत नाही. पण चूक नेमकी कोणाची, टाइप करणाऱ्याची, दुरुस्त्या करणाऱ्याची की आमची, हे काही केल्या ठरेना, कारण आम्ही सगळ्याच कामाला "प्रूफ बघणं" म्हणत होतो. तेव्हापासून स्मरणिका असो की कवितासंग्रह, मी आधी शब्द नीट करून घेते आणि मगच कामाला हात लावते.

पहिला शब्द मुद्रणप्रत. म्हणजे तुमचा शेवटचा, यापुढे मी यात काही घालणार नाही असा मजकूर, एकच फाइल, तारीख घातलेली. व्हॉट्सॲपवर "हा नवीन पॅरा तिसऱ्या प्रकरणात टाका" असं पाठवत राहिलात तर मुद्रणप्रत नावाची गोष्टच उरत नाही आणि मग प्रूफ कशाशी ताडून बघायचं हा प्रश्न येतो.

मग संपादन. यात प्रकरणं मागेपुढे होतात, आजोबांच्या सत्काराची आठ पानं कापली जातात, लेखक रुसतो. त्यानंतर कॉपी एडिटिंग, आपल्याकडे काहीजण याला संपादन-संस्कार म्हणतात. ओळ न ओळ वाचायची: शुद्धलेखन, विरामचिन्हं, वाक्याची घडी, आणि १२ व्या पानावरचा काका ८० व्या पानावर मामा झाला नाही ना ते बघणं. नंतर अक्षरजुळणी म्हणजे डीटीपी, आणि त्याच्यानंतर जे येतं ते मुद्रितशोधन, म्हणजेच खरं प्रूफ रीडिंग. हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मर्यादित काम आहे: संपादन झालेल्या मुद्रणप्रतीत होतं तेच पानावर आलंय का एवढंच. प्रुफात वाक्यं सुंदर करायला बसू नका, एक ओळ वाढली की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते आणि डीटीपीवाला जास्तीचे पैसे मागतो, आणि त्याचं बरोबर असतं.

कॉपी एडिटिंगमध्ये सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे स्टाइल शीट, आणि ती कोणी करत नाही. साधा एक कागद, त्यावर अकारविल्हे शब्द. शुद्धलेखनाला मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४ मिळून १८, ते पाळायचेच, पण आपल्या नावांचं ते नियम काही करू शकत नाहीत. सासष्टी की साष्टी? जुवारी की झुवारी? फर्नांडिस की फर्नांडीस? एकदा ठरवा, लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आणि दुसरी यादी त्याहून महत्त्वाची, "बदलू नयेत" अशा शब्दांची: मानस, पोदेर, रेंदेर (माडी काढणारा), चवथ, कुळागर (पोफळीची बाग). बाहेरचा चांगला संपादकसुद्धा चवथीची चतुर्थी आणि पोदेराचा पाववाला करतो, त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आमच्या मानशीचा माणूस असाच झाला होता. यादी आधी दिली असती तर झाला नसता.

फाँटचं एक प्रकरण आहे. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं तिथे कन्व्हर्ट होतं आणि त्यात जोडाक्षरं, विशेषतः र ची, मोडू शकतात. गोव्याच्या लेखकाने इथे डोळ्यांत तेल घालून बघायचं कारण आपल्याकडे दर्या पानोपानी असतो, आणि रफाराच्या जागी अर्धा र बसला की दर्याच्या दऱ्या होतात, कोळी होडी घेऊन डोंगरात जातो. स्पेलचेक पकडत नाही, दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

आता प्रूफ वाचायचं कसं. पहिलं प्रूफ दोघांनी वाचा, एकाने मुद्रणप्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. खूण नेहमी दोन ठिकाणी करायची, एक ओळीत आणि एक समासात, कारण डीटीपीवाला समास बघत खाली येतो, ओळीतली बारीक खूण त्याला दिसतच नाही. राहिलेलं घालायला काकपद, म्हणजे ते उलट्या व्ही सारखं चिन्ह. काढून टाकायला शब्दावर रेघ आणि समासात डिलीटचं वेटोळं. चुकून खोडलंत आणि परत हवं असेल तर शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं "स्टेट", हा लॅटिन शब्द, अर्थ "राहू दे". माझा सल्ला, हे स्टेट लिहू नका, "आहे तसं ठेवा" लिहा आणि त्याभोवती गोल करा. एका जत्रेच्या स्मरणिकेत अध्यक्षांच्या नावापुढे "स्टेट" छापून आलेलं मी बघितलंय. गोलातलं म्हणजे सूचना, छापायचं नाही, हे डीटीपीवाल्याशी आधी बोलून घ्या. पेनं दोन ठेवा: त्याच्या चुका लाल, तुमचे स्वतःचे बदल निळे. बिलाच्या वेळी भांडण होत नाही.

दुसऱ्या प्रुफात सगळं परत वाचायची गरज नसते, पण जिथे दुरुस्ती केली तो अख्खा परिच्छेद वाचा, कारण एक चूक काढताना शेजारी दुसरी बसते. पानावर एकटीच ओळ लटकत राहिली नाही ना तेही बघा. आणि मथळे, पृष्ठ क्रमांक, फोटोखालच्या ओळी वेगळ्या बसून बघा, सगळ्यात मोठ्या अक्षरातली चूकच कोणाला दिसत नाही.

पैशांचे शब्द. पान आणि पृष्ठ एक नव्हे, एका पानाला दोन पृष्ठं, कोटेशन घेताना हे विचाराच. प्रेस हिशोब फॉर्मात करते, साधारण १६ पृष्ठांचा एक फॉर्म. १९२ पृष्ठं म्हणजे बरोबर १२ फॉर्म, १९६ झाली की वरच्या ४ साठी प्लेट आणि मशीनचा वेगळा खर्च, म्हणून चार पृष्ठं कापणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. डेमी हा पुस्तकाचा आकार, म्हणजे ५.५ बाय ८.५ इंच. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आतला मजकूर ७० च्या मॅपलिथोवर (साध्या पांढऱ्या कागदावर) चालतो, कव्हरला ३०० चं आर्ट कार्ड (जाड गुळगुळीत कागद). ब्लीड म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्र कडेबाहेर ३ मिलिमीटर वाढवणं. पृष्ठसंख्या पक्की होईपर्यंत कव्हर फायनल करू नका, कण्याची जाडी त्यावर ठरते.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे लोक सर्रास एकच समजतात. मजकूर तोच ठेवून परत छापलं तर पुनर्मुद्रण, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) तोच. मजकूर बदलला, भर घातली तर नवी आवृत्ती, नवा नंबर. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-बुक यांनाही वेगवेगळे नंबर लागतात. २००७ पासून हा नंबर १३ आकडी आहे, भारतातला ९७८-८१ नाहीतर ९७८-९३ ने सुरू होतो, आणि दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो फुकट देते. कोणी "आयएसबीएन चार्जेस" म्हणून बिलात रक्कम लावली तर ती नंबराची नव्हे, अर्ज भरायच्या मेहनतीची, तसं स्पष्ट लिहून मागा.

पुस्तक आल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक पाठवायची असते, स्वतःच्या खर्चाने. स्वतःच प्रकाशक असाल तर ते तुमचंच काम, छपाईचा आकडा ठरवतानाच या चार प्रती बाजूला धरा. पाचवी पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात नेऊन द्या, कायदा म्हणून नाही, गावातला कोणीतरी पोरगा कधीतरी तिथेच शोधायला जाईल म्हणून.