लाकूडकामातल्या या चुका टाळा: फळी फाटते आणि दोष जातो फेविकॉलला

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फर्निचरमध्ये नवीन चूक क्वचितच दिसते. मशिनं बदलली, लाकडाचे भाव कुठल्या कुठे गेले, चुका मात्र त्याच.

टॉप चौकटीला जखडून टाकणं

पुण्यातल्या एका घरातून डायनिंग टेबल आलं होतं. 40 इंच रुंदीचा भरीव सागवानी टॉप, फळ्या जोडून केलेला. कोकणातल्या एका वर्कशॉपमध्ये ऐन पावसाळ्यात बनवलेलं, आणि होळीच्या सुमारास टॉप उभा फाटला. बाई म्हणाल्या, "अहो मिस्त्री, फेविकॉल भेसळीचा असणार." टेबल उलटं केलं. फाट जोडावर नव्हतीच. जोडाच्या शेजारून, अख्ख्या फळीतून गेली होती. म्हणजे फेविकॉलने आपलं काम चोख केलं होतं. खाली पाहतो तर टॉप चारी बाजूंनी स्क्रूने आवळलेला, वर दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या पूर्ण लांबीभर चिकटवलेल्या. दिसायला झकास!

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र कायम हलत राहतं. पावसात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं. ओलावा 15 टक्क्यांवरून 9 वर आला तर 40 इंच सागवान साडेतीन सुतांपर्यंत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आखडू शकतं, आणि साग तर त्यातल्या त्यात शांत लाकूड. आडवी पट्टी तेवढ्याच काळात तसूभर हलत नाही. या ओढाताणीत फळी फाटणारच.

टोकाच्या पट्टीला फक्त मधोमध फेविकॉल लावायचा, बाकी स्क्रू लांबट भोकांतून. चौकटीलाही तसंच: मधले स्क्रू घट्ट, कडेचे सरकते. त्या टेबलाच्या पट्ट्या आम्ही काढूनच टाकल्या, फाटीवर करवत चालवून कडा रंधून पुन्हा जोडल्या. टॉप थोडा अरुंद झाला, बाईंना ते आवडलं नाही.

आणि "सीझन केलेलाच माल आहे" (म्हणजे नीट वाळवलेला) हे वखारवाल्याचं वाक्य ऐकून घ्यावं, त्यावर काम सुरू करू नये. मी आलेल्या मालातली एक फळी निवडतो, टोकांना रंग फासतो, काट्यावर तोलून वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहितो आणि मध्ये पट्ट्या देऊन रचलेल्या थप्पीत परत सरकवतो. दर आठवड्याला पुन्हा तोलायची. आकडा उतरायचा थांबला की लाकूड आपल्या हवेला आलं. ओलावा मोजायचा मीटर आहे माझ्याकडे, पण छोट्या सुयांचा मीटर वरवरचंच सांगतो. गिऱ्हाइकाला घाई असेल तर त्याने प्लायचं करून घ्यावं.

सैल कुसू, त्यात भुसा

नवीन पोरं यात हमखास सापडतात. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, सैल झालं की फेविकॉलमध्ये भुसा कालवायचा आणि खाचेत ठासायचा. "दादा, वाळल्यावर दगड होतो!" होत नाही. पांढऱ्या गोंदातलं पाणी उडून गेलं की तो आक्रसतो, आणि जाड थरात त्याला जोर नसतो. खुर्चीवर माणूस मागे रेलून बसायला लागला की काही महिन्यांत मागचा पाय डुगडुगतो.

कुसू साधारण लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. कोरडं बसवून बघा: हाताच्या जोराने आत जायला हवं, आणि उलटं धरल्यावर आपल्या वजनाने गळता कामा नये. सैल झालंच तर कुसवाच्या गालाला विनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी चिकटवा, वाळू द्या, पुन्हा रंधून बसवा. अर्धा दिवस जातो, जाऊ दे. याची उलटी चूक म्हणजे मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोकून बसवलेलं घट्ट कुसू. आत जाता जाता ते सगळा गोंद खरवडून बाहेर ढकलतं, वर खाचेची भिंत फुटते ती वेगळीच.

सागाची कड रंधली त्याच दिवशी जोडायची. लाकडातलं तेल वर येतं आणि शिळ्या कडेवर गोंद नीट धरत नाही. आणि फळीचं आडवं कापलेलं टोक नुसत्या गोंदावर जोडू नका, तिथे नळ्या उघड्या असतात, गोंद पिऊन टाकतात. कुसू नाही तर डॉवेल (गोल लाकडी खुंटी), काहीतरी हवंच.

बाकीच्या, थोडक्यात

स्क्रू हातोडीने ठोकणारे मिस्त्री अजून आहेत आणि वर शेवटचे दोन आटे पेचकसाने फिरवून "फिट झाला" म्हणतात. आधी बारीक भोक पाडा, कडक लाकडात आट्यांना साबण लावा. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा लोखंडी आधी घालून काढा, नाहीतर मान तुटते.

हातातल्या सर्क्युलर करवतीने प्लाय कापताना चांगली बाजू खाली. पातं खालून वर कापतं, पापुद्रे वरच्या बाजूला उडतात. टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीवर, उलट.

रंधा खरखरला, ढलपी तुटायला लागली की फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून रंधा चालवा, जोर वाढवू नका.

बोथट पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) धारदार पटाशीपेक्षा जास्त हात कापते. सागात वाळूसारखा सिलिका असतो, धार लवकर जाते, तेव्हा दगड हाताशीच ठेवा.

टेबल सॉच्या पात्यामागची सुरी काढून ठेवणारे बरेच. तीच कापलेली फाट मिटू देत नाही. मिटली की पातं लाकूड पोटात फेकतं. आणि फिरत्या पात्यापाशी हातमोजे अजिबात नकोत, धागा अडकला तर हातासकट ओढला जातो.