वॉटर सॉफ्टनरचा (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा) जुना व्हॉल्व्ह मिळत नाहीये? नवीन बसवताना या चुका टाळा

पहिली चूक तर खरेदीच्या आधीच होते. टायमर अडकला, दुकानदार म्हणाला हे मॉडेल आता येत नाही, की लगेच आपण पूर्ण नवीन हेड (टाकीच्या डोक्यावरचा अख्खा व्हॉल्व्ह) उचलून आणतो. अहो, मॉडेल बंद झालं म्हणजे पार्ट पण बंद झाले असं नसतं. फ्लेक 5600 सारख्या व्हॉल्व्हमध्ये आत एक पिस्टन आणि त्याच्याभोवती सील-स्पेसरची (रबरी रिंगा आणि त्यांच्यामधल्या कड्यांची) थप्पी असते, रीजनरेशन (टाकीतले पाणी मऊ करणारे दाणे, म्हणजे रेझिन, मिठाच्या पाण्याने परत ताजे करणं) चालू नसताना पण ड्रेनमधून पाणी ठिबकत असेल तर बऱ्याचदा तीच झिजलेली असते आणि बॉडी एकदम ठणठणीत. ऑटोट्रोल 255 असेल तर त्याच बॉडीवर जुना 440 किंवा 460 टायमर काढून 740, 760 लॉजिक्स कंट्रोलर बसतो, पण कॅमशाफ्ट (आतल्या झडपा उघडबंद करणारा फिरता दांडा) पण सोबतच बदला, जुनाच ठेवला तर कॅम कुठल्या पोझिशनला आहे ते कंट्रोलरला कळतच नाही आणि तुम्ही म्हणणार नवीन पीस खराब निघाला.

बरं, हेडच बदलायचंय असं ठरलं. टाकीचा थ्रेड अडीच इंच, व्हॉल्व्हचा पण अडीच इंच, मग बसलाच की! इथेच फसतात लोक. टाकीच्या मधला रायझर पाईप (खालून मऊ पाणी वर आणणारा) मोजला का? काही जुन्या टाक्यांत तो 13/16 इंचाचा (साधारण 20.6 मिमी) असतो आणि नवे बरेच व्हॉल्व्ह 1.05 इंचाचा (26.7 मिमी) मागतात. सहा मिमीचा फरक आहे, ओ-रिंग पाईपला टेकतच नाही, आणि पाणी रेझिनमधून न जाता वरच्या वर सरळ घरात. हेड नवीन, मीठ संपतंय, तरी बादलीवर पांढरे डाग तसेच, आणि शिव्या खातं बिचारं रेझिन. पाईप किती उंच ठेवायचा ते पण प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, मॅन्युअल बघूनच कापा, एकदा कापला की गेला.

माझं स्वतःचं सांगतो. प्रेशर सोडलं होतं, बायपास केलं होतं (पाणी सॉफ्टनरला टाळून सरळ घरात वळवलं होतं), सगळं नीट, आणि हेड फिरवून सरळ वर उचललं. रायझर हेडलाच चिकटून दोन बोटं वर आला आणि खाली रेझिन सरकलं. मग दाबा, हलवा, परत दाबा, काही केल्या खाली जाईना! शेवटी अख्खी टाकी रिकामी करून परत भरली, संध्याकाळ गेली त्यात. त्यामुळे हेड सुटलं की आधी थोडंसं उचलून फटीतून बघा, पाईप पण वर येतोय का, येत असेल तर एकाने तो धरून ठेवायचा. आणि भरताना पाईपच्या तोंडाला टेप लावा नाहीतर रेझिन आत जातं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच, व्हॅसलीन नको, रबर फुगतं.

इंजेक्टर (मिठाचं पाणी ओढणारा छोटा नोझल) आणि ड्रेनचं फ्लो कंट्रोल बटण (पाणी किती जायचं ते ठरवणारी भोकाची चकती) टाकीच्या व्यासाप्रमाणे असतं, नव्या व्हॉल्व्हमध्ये जे आलंय तेच बरोबर असं धरू नका. 10 इंची टाकीला ड्रेनचा फ्लो साधारण 2.4 गॅलन म्हणजे मिनिटाला 9 लिटरच्या आसपास लागतो. खूप जास्त झाला तर रेझिन गटारात, कमी झाला तर बॅकवॉश (रेझिन उलट्या पाण्याने धुणं) नावालाच. अडॅप्टर पण जुना लावू नका, पिन बसली तरी! फ्लेकच्या एसएक्सटी कंट्रोलरला 24 व्होल्ट एसी लागतो, लॉजिक्सला 12 व्होल्ट एसी.

आता सेटिंग. पाण्याच्या जडपणाचा रिपोर्ट येतो पीपीएममध्ये (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि कंट्रोलरचा बोर्ड बऱ्याचदा मागतो ग्रेन (गॅलनमागे). 17.1 ने भागायचं, म्हणजे 340 पीपीएमचे झाले साधारण 20 ग्रेन. मी पहिल्यांदा 340 टाकायला गेलो, आकडा तिथपर्यंत जाईचना, मग जाईल तिथवर नेऊन ठेवला (हसू नका), आणि मशीन रोज रात्री रीजनरेशन करत बसलं. क्षमता 24,000 ग्रेन सेट केली असेल तर 20 ने भागून 1200 गॅलन, म्हणजे जवळपास 4500 लिटरला एकदा. उलट बाजूने मेट्रिक (पीपीएम मागणाऱ्या) बोर्डवर 20 टाकलं तर मीठ महिनोन्महिने तसंच पडून राहील आणि पाणी जडच येईल.

एवढं करून मिठाची टाकी पाण्याने भरत चालली असेल तर बोर्डवर राग काढू नका. व्हॉल्व्ह हाताने ब्राईन (मिठाचं पाणी ओढायच्या) पोझिशनला आणा, मिठाच्या टाकीकडची नळी व्हॉल्व्हपाशी सोडा आणि तिथे बोट लावा. ओढ लागत नसेल तर आधी ड्रेनची नळी कुठे दुमडलीय का बघा, मग इंजेक्टर खोलून जाळी धुवा. ओढ नीट लागतेय पण पाणी घटत नाही, तर बहुधा त्या नळीच्या जॉइंटमधून हवा शिरतेय.