जॅमिंग? आधी कनेक्टर उघडून बघा

लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, चोवीस वर्षं काढली; आता औशाजवळ सोयाबीन अन् तूर बघतो. भरतीची तयारी करणारी पोरं विचारतात, "काका, दुश्मनानं सॅटेलाइट जॅम केला तर?" म्हणजे मुद्दाम रेडिओ गोंगाट सोडून संपर्क बंद पाडला तर. मी म्हणतो, आधी कनेक्टर उघडून बघ. आम्ही एकदा रात्रभर जॅमर शोधत होतो, अन् निघालं काय, तर केबलमध्ये शिरलेलं पाणी! मार्च-ऑक्टोबरमध्ये सूर्य नेमका उपग्रहामागं येतो, तेव्हाही काही मिनिटं गोंगाट वाढतोच.

मग अँटेनाची केबल काढा. गोंगाट गेला, तर तो बाहेरून येतोय.

उपग्रह ३६,००० किलोमीटरवर अन् जॅमर टेकडीपल्याड, म्हणून त्याचा आवाज डिशच्या कडेनंसुद्धा घुसतो. त्या बाजूला बांध किंवा टेकाड येईल अशी डिश मांडा. आपल्याकडून भूस्थिर उपग्रह दक्षिणेला चांगला उंच असतो, पुरुषभर बांध त्याच्या आड येत नाही.

जॅमर उपग्रहावरच रोखलेला असेल, तर मात्र बांध काय कामाचा? तिथं फ्रीक्वेन्सी हॉपिंग लागतं: दोन्ही टोकं गुप्त क्रमानं भराभर वारंवारता बदलतात. शिवाय डेटाचा वेग उतरवा. वेग निम्मा केला की प्रत्येक बिटाला दुप्पट ऊर्जा मिळते. आधी व्हिडिओ बंद, मग आवाज. शेवटी नुसता मजकूर.

अन् उघड्या लाइनवर "जॅम झालो" म्हणून बोंबलू नका, समोरच्याला तेच ऐकायचं असतं. ठरलेल्या एचएफ रेडिओवर जा, तो उपग्रहाशिवाय लांब पोचतो. वेळ, वारंवारता, दिशा वहीत टिपा, तीही पेन्सिलीनं. शाई पावसात धुऊन जाते.